गुरुवारचा गठ्ठा

रुग्णालयाच्या तळघरात लिफ्टमधून उतरून उजवीकडे वळलं की गरम वाफेचा वास यायला लागतो. तिथून पुढे तयारमावशींचं राज्य. वर ऑपरेशन थिएटरमध्ये वापरून झालेल्या कात्र्या, चिमटे आणि कापडं खाली त्यांच्याकडे येतात. मावशी ती धुतात, उजेडात धरून तपासतात, सेट लावतात, हिरव्या कापडात गुंडाळतात, वर चिकटपट्टी मारतात आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात ढकलतात. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की आतलं सगळं निर्जंतुक झालं असं समजायचं. त्यानंतर तो गठ्ठा उघडायचा तो फक्त थिएटरमध्ये. मध्येच कोणी उगाच पट्टीला नख लावलं, तर मावशी त्याची अशी हजेरी घेतात की तो पुन्हा तळघराकडे फिरकत नाही.

वरून फोन येतो, "मावशी, पोटाच्या ऑपरेशनचा सेट..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मावशी म्हणतात, "तयार आहे." म्हणून नाव पडलं तयारमावशी. पूर्वी तयारताई होत्या. केस पांढरे झाले तशा मावशी झाल्या, एवढाच काय तो बदल.

या तळघरात आणखी एक काम चालतं, ज्याचा रुग्णालयाशी काही संबंध नाही. इथल्या कुठल्याही बाईला दिवस गेले, मग ती सिस्टर असो की बिलं करणारी कारकून, की ती आज ना उद्या जेवणाच्या सुट्टीत खाली उतरते. मावशी तिला गठ्ठे बांधायला शिकवतात. बाळंतपणानंतरच्या दिवसांचे गठ्ठे. प्रत्येकात बाळाचे कपडे, लंगोट, बाळंतिणीचा सैल गाऊन, तिचे पॅड, तिच्या गोळ्या आणि चघळायला काहीतरी. वर वाराची पट्टी. कापडाची घडी अशी घालायची की खांद्यावर बाळ असताना, डोळे अर्धे मिटलेले असताना, एका हाताने गठ्ठा उघडता आला पाहिजे. "तेव्हा डोकं चालत नाही," मावशी सांगतात. "आता चालतंय तोवर त्याच्याकडून काम काढून घ्या."

परवा तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर आली होती. हसतमुख, बडबडी, पोट चांगलंच पुढे आलेलं. तिने शेवटचा गठ्ठा बांधला, पट्टी दाबून बसवली आणि खुर्चीत मागे रेलली.

"झालं मावशी! फ्रीजर भरला, नवऱ्याला शिकवून झालं, आता उद्या पार्लरमध्ये जाऊन केसही कापून टाकते. एवढ्या लांब केसांची निगा कोण राखणार तेव्हा?"

मावशींचा पट्टी फाडणारा हात थांबला. "केस कापू नकोस," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"आई येणार आहे ना तुझी?"

"येते म्हणतेय. पण मीच सांगणार आहे, नको येऊस म्हणून. तिचे गुडघे दुखतात. इतक्या लांबून यायचं कशाला? सगळं तर तयार आहे!"

मावशींनी पट्टीचं रीळ खाली ठेवलं. जिच्या तोंडातून हा शब्द दिवसभर निघतो, तिला तो दुसऱ्याच्या तोंडून असा ऐकवेना.

कारण हे सगळं मावशींनी आधी केलेलं होतं. आणि काय झोकात केलं होतं!

नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांतली गोष्ट. त्यांनी लावलेल्या सेटमध्ये एक चिमटा कमी पडला होता. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला, रिकामा. दुसरा सेट उघडेपर्यंत कितीसा वेळ लागला असेल? रोग्याला काही झालं नाही, डॉक्टर रागावलेही नाहीत. पण एका सिस्टरने खाली येऊन तो रिकामा हात कसा वाट बघत होता ते करून दाखवलं आणि ते मावशींच्या मनात घर करून बसलं. ज्याला जे लागणार ते त्याने मागायच्या आत हाताशी हवं. मागायची वेळ आली म्हणजे आपण चुकलो. कामापुरतं हे ठीकच होतं. पण माणूस काय कामाची सवय कामावर ठेवून घरी येतो थोडाच?

पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा त्यांनी घराचंच थिएटर करून टाकलं. पलंगावर आडवं पडायचं, हात लांब करायचा आणि तो जिथवर पोचेल तिथे खिळा ठोकायचा. पाण्याची बाटली एका खिळ्याला, टॉवेल दुसऱ्याला. कशासाठी कोणाला हाक मारायला नको. फ्रीजरमध्ये सूपचे डबे, भाजीचे डबे, सगळ्यांवर पट्ट्या. कपाटात गठ्ठ्यांच्या रांगा, सोमवार ते रविवार.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत माणूस, जरा मिश्कील. त्याच्याकडून उशीला लंगोट बांधायचा सराव करून घेतला. तोही बिचारा दुकानातून दमून आला की मुकाट्याने उशी मांडीवर घ्यायचा.

"हिचं नाव काय ठेवायचं?" एकदा त्याने विचारलं.

"अहो, गाठ बघा! सैल बसली आहे. सगळं अंथरूण भिजलं असतं आता."

"कापसाची पोर आहे गं. फार शहाणी आहे."

मावशी काही हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात पुढचं चाललं होतं. आठवा महिना सरताना त्या पार्लरमध्ये गेल्या आणि कमरेपर्यंतचे केस मानेवर कापून आल्या. विंचरायची कटकट गेली. आणखी एक काम, ज्यासाठी आता कोणाची गरज नव्हती.

त्यांची आई दुसऱ्या गावात शाळेच्या बसवर होती. मुलांना हात धरून चढवायचं, उतरवायचं, दप्तरं सांभाळायची. तिच्या पिशवीत कायम एक रुंद दातांची फणी असे. सकाळच्या घाईत कुठल्या तरी पोरीची वेणी घरून अर्धीमुर्धी झालेली असायचीच. ही तिला समोर उभी करून, बस हेलकावे खात असताना, पुढच्या थांब्याच्या आत वेणी पुरी करायची. मावशींचे केस तर लग्नाच्या दिवसापर्यंत तिनेच विंचरले. दोघींचं काय बोलणं व्हायचं ते तेव्हाच. समोरासमोर बसून बोलायची या घरात पद्धत नव्हती. आई मागे, लेक पुढे, तोंडं एकाच दिशेला, आणि फणी चालू असेपर्यंत काहीही बोलता येई. शाळेत नापास झाल्याचं मावशींनी असंच सांगितलं होतं. हाच मुलगा पसंत आहे, हेही असंच.

आईने ऐन सत्रात मोठी रजा काढली. फोनवर विचारत होती, "काय काय आणू गं?"

"काही नको. तू फक्त ये."

आता हे 'तू फक्त ये' किती गोड वाटतं ऐकायला! बाळंतपण झालं आणि आई आली, भली मोठी पिशवी घेऊन. दारातच लेकीने फर्मान काढलं, "आधी हात धू. कोपरापर्यंत. आणि पिशवी बाहेरच्या खोलीत राहू दे, बसमधली धूळ असेल." आईने हात धुतले, पुसले, आत आली. बाळाकडे आधी नाही बघितलं तिने. सरळ लेकीपाशी आली आणि तिचा हात सवयीने लेकीच्या डोक्यावरून मागे, वेणीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

"केस कुठे गेले गं?"

"कापले. विंचरायला कोणाला वेळ आहे?"

"मी येणारच होते ना."

"तुला कशाला त्रास?"

आईने हात मागे घेतला. मग बाळाला बघून हसली, छान आहे म्हणाली, सगळं रीतसर केलं.

पुढचे दिवस कसे गेले, ते मावशींना आज आठवतं तेव्हा अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र त्या खूश होत्या. आई स्वयंपाकघरात गेली की, "आई, फक्त गरम करायचंय, ते करतील." बाळाचे कपडे धुवायला घेतले की, "ठेव ते, मशीन लावायचीय." बाळ मांडीवर घेऊन जरा कुठे गुणगुणायला लागली की, "झोपेची वेळ झाली, खाली ठेव, सवय लागेल." एकदा आईने आपण होऊन कपाट उघडलं आणि हाताला आला तो गठ्ठा सोडला.

"अगं आई! तो गुरुवारचा आहे!"

"मग काय झालं? लंगोट बुधवारी चालत नाही का?"

नवरा खो खो हसला. मावशींनी गठ्ठा तिच्या हातातून घेतला, पुन्हा बांधला, नवी पट्टी लावली. आई बघत उभी होती. त्यानंतर तिने कपाटाला हात लावला नाही. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर नंबर यायची वाट बघत माणूस बसतं तशी.

शेजारीण बाळ बघायला आली, तेव्हा मावशी आईच्या देखत म्हणाल्या, "आमच्या आईला इकडची काडी तिकडे करावी लागली नाही हो!" केवढी फुशारकी! शेजारणीने तोंडात बोट घातलं. आई म्हणाली, "हो ना. लेक फार हुशार आहे माझी."

रजा बरीच शिल्लक असताना आई म्हणाली, "निघते गं मी. बसमधली पोरं दुसऱ्या बाईला ऐकत नाहीत." मावशींचा जीव, खरं सांगायचं तर, भांड्यात पडला. घडी बसलेल्या घरात एक माणूस कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. आईने बाहेरच्या खोलीतली पिशवी उचलली. ती पिशवी उघडलीच गेली नव्हती. तिच्यात काय होतं, ते मावशींनी विचारलं नाही आणि आईनेही सांगितलं नाही.

आई गेल्यावर थोड्या दिवसांनी, एका भर दुपारी, मावशींना रडू फुटलं. बाळ झोपलेलं, सूप गरम, गठ्ठा उघडलेला, सगळं जागच्या जागी. रडायला काही कारण नाही आणि रडणं काही थांबेना. अंग दुखत होतं, छाती भरून आली होती, आणि आपल्याला कोणी धरून ठेवावं असं वाटत होतं. नवरा दुकानातून जेवायला आला आणि दारातच गांगरला. कपाटापाशी गेला, रांगेवरून बोट फिरवलं.

"अगं, याला कुठला उघडायचा?" त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. बिचाऱ्याला खरंच वाटलं होतं की याचाही गठ्ठा असेल.

मावशींनी आईला फोन लावला. आईचा आवाज आला, "काय गं? सगळं ठीक ना?"

"ये," एवढंच म्हणायचं होतं. पण मागायचं कसं, हे मावशींना कधी आलंच नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या. "सगळं व्यवस्थित आहे." आईने बरं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले, तोवर पहिली पोरगी चांगली धावायला लागली होती. या वेळी मावशींनी काहीच केलं नाही. म्हणजे ठरवून काही केलं नाही. कपाट रिकामं ठेवलं, फ्रीजरमध्ये नुसता बर्फ. नवऱ्याने गपचूप उशी मांडीवर घेऊन बघितली, तर म्हणाल्या, "राहू दे." त्याने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. केस मात्र त्यांनी वाढू दिले. ते पुन्हा पाठीवर आले होते. हीच काय ती त्या वेळची तयारी. आईचा हात पुढे येईल तेव्हा त्याला काहीतरी सापडलं पाहिजे.

आईला फोनवर सांगितलं, "अजून काहीच केलेलं नाही बघ मी."

आई मनापासून हसली. "तू? चल, चेष्टा करतेस होय म्हातारीची!"

"खरंच गं."

"असू दे, असू दे. मी येऊन जाईन एका रविवारी. तुझ्या कामात लुडबुड नाही करणार."

आणि ती खरंच एका रविवारी आली. हातात लहानशी पिशवी, वर फळं. दारातच, कोणी न सांगता, तिने कोपरापर्यंत हात धुतले. घराची तर पार रया गेली होती. सोफ्यावर कपड्यांचा ढीग, ओट्यावर खरकटी भांडी, थोरली एकाच पायात मोजा घालून हिंडतेय, धाकटं कळवळून रडतंय. आई जमिनीवर पडलेला टॉवेल ओलांडून आली. वाकली नाही. खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी कशाला हात लावत नाही हं," ती म्हणाली. "तुझी काहीतरी पद्धत असेल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मावशी भांडल्या असत्या, भांडता भांडता रडल्या असत्या, आणि सगळं निभावलं असतं. पण आईने धडा नीट शिकून घेतला होता. लेकीला आपली लुडबुड आवडत नाही, तर नाही करायची, इतकं साधं. आयुष्यभर बसमध्ये शेकडो पोरांना हात दिलेली ती बाई, पोटच्या पोरीच्या घरात टॉवेलसुद्धा न उचलता बसून राहिली, कारण तिला लेकीचं मन राखायचं होतं.

थोरली तिच्याजवळ गेली. आईने पिशवीतून फणी काढली, नातीला गुडघ्यांमध्ये उभी केली आणि तिचे इवलेसे केस विंचरायला लागली. नात काय काय सांगत होती. बाळ किती रडतं, बाबांनी दूध कसं उतू घातलं. आजी "हो का? मग?" करत होती. मावशी पलंगावर पडून बघत होत्या. त्यांच्या डोक्याला कित्येक दिवसांत फणी लागली नव्हती, मागे गुंता होऊन गोळा झाला होता. त्या मुद्दाम कुशीवर वळल्या, पाठ आईकडे केली, केस उशीवर पसरले. याहून जास्त मागणं त्यांना येत नव्हतं. मागे फणीचा आवाज येत राहिला. मग थांबला. खुर्ची सरकली.

आई पलंगाशी येऊन उभी होती. "केस छान वाढलेत गं," ती म्हणाली. "आता तुझे तूच विंचरत असशील ना?"

मावशी भिंतीकडे बघत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या.

आईने फणी पिशवीत टाकली आणि संध्याकाळच्या बसने गेली. त्यानंतर ती येत-जात राहिली, सणासुदीला पाहुणीसारखी आली, नेहमी कोपरापर्यंत हात धुऊन. दोघींचं कधी भांडण झालं नाही. पुढे ती वारली, तेव्हाही जे जे लागतं ते सगळं मावशींनी वेळेवर हजर केलं. लोक म्हणाले, लेक असावी तर अशी. मावशींना ते ऐकून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तर परवा, तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर खुर्चीत रेलून पाय हलवत होती. "मावशी, बोलत का नाही? सांगू ना आईला, नको येऊ म्हणून?"

मावशी उठल्या. सिस्टरने नुकत्याच बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रांगेतून त्यांनी मधला एक ओढला, गुरुवारचा. पट्टीला नख लावलं. ज्या खोलीत बांधलेला गठ्ठा कोणी कधी सोडलेला नाही, तिथे त्यांनी ती पट्टी टरकन फाडली आणि कापड झटकलं. लंगोट, झबली, गाऊन, गोळ्या, सगळं टेबलावर पसरलं. मग पुढचा गठ्ठा. मग त्याच्या पुढचा.

"मावशी! अहो काय करताय? किती खपून बांधलेत मी ते!"

"आता तयार नाही," मावशी म्हणाल्या. "जा, आईला फोन कर. म्हणावं, ये. मला जमत नाही."

"पण मला जमतं ना मावशी!" सिस्टर रडवेली होऊन म्हणाली.

मावशींनी रिकामं हिरवं कापड हातात गोळा केलं.

"मलाही जमत होतं गं," त्या म्हणाल्या.